पीएचडीचं फ्रेमवर्क आणि वर्ल्डव्ह्यू: कमिटीला नक्की हवं काय असतं?

खाडीपल्याड
नमस्कार मंडळी. ऐरोलीत राहते, कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, नोकरी सांभाळून पीएचडी चालू आहे. विषय असा: नवी मुंबई वसवताना सिडकोसाठी (शहर उभारणारं सरकारी महामंडळ) ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांतल्या एका गावातल्या आगरी बायका. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीतली मासळी आटली. मग गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, बिल्डर आले, गावठाणात गरजेपोटीची घरं उभी राहिली आणि खोल्यांचं भाडं हेच पीक झालं. या उलथापालथीत बायकांचं काय झालं ते मला लिहायचंय. निम्म्याहून जास्त मुलाखती झाल्यात आणि छान चालल्यात.

गाडी अडलीय तिसऱ्या प्रकरणात. सल्लागार समितीपुढे मी संशोधनपद्धतीच्या पुस्तकातला क्रेसवेलचा तो नेहमीचा वर्ल्डव्ह्यूंचा, म्हणजे ज्ञानाबद्दलच्या मूळ भूमिकांचा, तक्ता ठेवला: पोस्ट-पॉझिटिव्हिस्ट, रचनावादी, परिवर्तनवादी, व्यवहारवादी. म्हटलं, मी रचनावादी. एका सदस्यांनी शांतपणे विचारलं, "बरं, मग त्याने तुमच्या कामात काय बदलतं?" त्यावर दोन वाक्यं झाली आणि मी गप्प. गाईड म्हणतात बोर्द्यू, तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ, लावा. दुसऱ्या सदस्या म्हणतात स्त्रीवादी चौकट हवी. स्टाफरूममधली मैत्रीण म्हणते ग्राउंडेड थिअरी लिहून मोकळी हो, मग फ्रेमवर्क लागतच नाही.

तर, वर्ल्डव्ह्यू आधी ठरवायचा की डेटा पाहून? आणि बोर्द्यू "लावायचा" म्हणजे नेमकं काय करायचं? ज्यांनी हे सोसलंय त्यांनी लिहा. पुस्तकांच्या याद्या नकोत, पुस्तकं कपाटात आहेत.

तळ्याकाठी
वाचतेय. ठाण्यात रात्रपाळीच्या नर्सेसवर काम करतेय, माझंही घोडं इथेच पेंड खातंय.

मिठागर
तक्ता जरा बाजूला ठेवा. एक उदाहरण घेऊ, तुमच्या मुलाखतींत असलं काही आलंच असणार.

एकाच घरातल्या नणंद-भावजय. भूखंडाच्या वेळी नणंदेने हक्कसोड पत्र करून दिलं. भावजय सांगते, वन्संनी राजीखुशीने सोडलं, माहेर तुटायला नको म्हणून. नणंद सांगते, "मना कोनी इचारला? कागद आनला, अंगठा घेतला." दोन्ही रेकॉर्डिंगं तुमच्याकडे आहेत. आता काय कराल?

एक वाट म्हणजे कागद काढायचे. दुय्यम निबंधकाकडची नोंद, फेरफार, वारस दाखला, साक्षीदार कोण होते. जे घडलं ते एकच काहीतरी घडलं. आपल्याला ते पुरतं कळणार नाही, पण जवळ जाता येईल. असं वाटत असेल तर तुम्ही पोस्ट-पॉझिटिव्हिस्टांच्या पंगतीत आहात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या वाटेवर खरं कोण बोलतंय हा तुमचा प्रश्नच राहत नाही. भावजयीला "राजीखुशी" सांगावीशी का वाटते? नणंद ही गोष्ट भावासमोर कशी सांगते, एकटी असताना कशी? आणि ऐरोलीहून आलेल्या मॅडमसमोर कशी? इथे तुम्हीसुद्धा त्या गोष्टीत आलात. हा रचनावाद, आणि समितीला ऐकायचं होतं ते बहुधा हेच: मुलाखत म्हणजे आधीच तयार असलेली माहिती उचलून आणणं नाही, ती तिथे दोघींत घडते. मग तुमची वही, तुमची जात, तुमचं कॉलेज हे सगळं विश्लेषणात यावं लागतं. प्रस्तावनेतल्या एका परिच्छेदात उरकून चालत नाही.

तिसरी वाट विचारते की बहिणीने सोडायचंच असतं हा रिवाज कुणाच्या सोयीचा, खातेदार म्हणून नाव कुणाचं लागलं होतं, आणि हे सगळं लिहून त्या नणंदेच्या हाती काय पडणार. परिवर्तनवादी, स्त्रीवादी मंडळी इथे भेटतात.

चौथी व्यवहारवादाची. "जे लागेल ते वापरू" असा तिचा अर्थ लावतात, तो आळशी अर्थ आहे. उत्तर कोणत्या कामासाठी हवंय हे तिथे आधी सांगावं लागतं. हक्कसोडीबद्दल कायदेशीर मदत केंद्र उभारायचं असेल तर कागद आणि मुलाखती दोन्ही लागतील, आणि का लागतील ते सांगता येईल.

गूबाने १९९० मध्ये केलेली व्याख्याच क्रेसवेल वापरतो: कृतीला दिशा देणाऱ्या मूलभूत धारणा. विद्यार्थी धारणा पाठ करतात आणि कृतीचं विसरतात. तुमची प्रश्नावली काढून वाचा. वर्ल्डव्ह्यू तिच्यात आधीच बसलेला सापडेल. कदाचित दोन सापडतील, एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

आकडेमोड
मी संख्याशास्त्रवाला, त्यामुळे चपला हातात घेऊनच वाचा. नणंद-भावजयींचं म्हणणं जुळत नसेल तर कागद बघा आणि विषय संपवा! "दोघींचंही बरोबर" हे घरात चालतं, संशोधनात कसं चालेल? आणि एका गावातल्या मूठभर मुलाखतींवरून ९५ गावांबद्दल काय सांगणार?

मिठागर
कागदावर अंगठा आहे, हे दोघींपैकी कुणीच नाकारत नाहीये. मग कागद बघून संपलं काय? अंगठा कसा उठला आणि त्यानंतर ती माहेरी कोणत्या तोंडाने जाते, हे फेरफारात नोंदवत नाहीत.

९५ गावांबद्दल ती काहीच सांगणार नाही, आणि तसा दावाही करू नये. लिंकन आणि गूबा यांनी १९८५ मध्येच वेगळी कसोटी मांडली होती. प्रसंग आणि परिसर इतक्या तपशिलात लिहायचा की उरणचा वाचक तो वाचून आपल्या गावाला यातलं काय लागू पडतं ते स्वतः ठरवू शकेल. जोखीम वाचकावर जाते खरी, पण तपशील देण्याची जबाबदारी लिहिणारीची.

आकडेमोड
अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्याचं काय? जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच माणसं गेली. ती कुणाच्या अर्थनिर्णयात गेली नाहीत, खरीच गेली. तुमचा रचनावाद तिथे काय म्हणतो?

निवृत्त_गाईड
आकडेमोड यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. इथे येऊन पुष्कळ विद्यार्थी एक तर घाबरतात, नाहीतर काहीतरी गूढ बोलतात.

क्रेसवेलच्या तक्त्याला चार खाने आहेत म्हणून जगात चारच भूमिका आहेत असं नाही. रॉय भास्कर यांनी १९७५ पासून जो चिकित्सक वास्तववाद मांडला त्याला त्या तक्त्यात खाना नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांना खरं तर तोच बसतो. त्यांच्या मते वास्तवाला थर आहेत. आपल्या अनुभवाला येतं ते एक, अनुभवाला येवो न येवो प्रत्यक्षात घडतं ते दुसरं, आणि ते घडवणाऱ्या यंत्रणा तिसऱ्या. भूसंपादन झालं, गोळीबार झाला, खाती पुरुषांच्या नावे होती, यातलं काहीही कुणाच्या मताने बदलत नाही. पण आपल्याला ते कळतं ते माणसांच्या बोलण्यातून, त्यांच्या जागेवरून, आणि म्हणून नेहमी अपुरं. म्हणजे ऑन्टॉलॉजी (काय अस्तित्वात आहे) वास्तववादी आणि एपिस्टेमॉलॉजी (ते आपल्याला कसं कळतं) बरीचशी रचनावादी. धागाकर्तीने याचा विचार करावा. जमिनीवर काम करणाऱ्याला पूर्ण रचनावाद सहसा झेपत नाही, कारण जमीन गेलेली असते.

आता बोर्द्यू. तो वर्ल्डव्ह्यू नव्हे, थिअरी आहे. या दोन गोष्टींचा गोंधळ व्हायवापर्यंत, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेपर्यंत, टिकतो. वर्ल्डव्ह्यू सांगतो की तुम्ही कशाला ज्ञान म्हणता. थिअरी सांगते की या विषयात कुठे पाहायचं. दुसऱ्या प्रकरणात वीस पानं बोर्द्यू आणि पाचव्यात त्याचं नावही नाही, असे प्रबंध मी बरेच तपासले. दुसरी जात म्हणजे प्रत्येक उताऱ्यावर "हे सांस्कृतिक भांडवल", "हे सामाजिक भांडवल" अशा चिठ्ठ्या डकवलेले. मी विद्यार्थ्याला एकच विचारायचो: बोर्द्यू काढून टाकला तर तुझ्या विश्लेषणातलं कोणतं वाक्य कोसळतं? कोणतंच नसेल तर तो शोभेचा आहे.

तुमच्या विषयात तो कामाला लागेल असं मला वाटतं. जमिनीचं पैशात रूपांतर झालं हे सगळे सांगतात. बाईला पेरणी-लावणीची, मिठाची, मासळीच्या बाजाराची जी जाण होती तिचं कशात रूपांतर झालं? ती कवडीमोल ठरली, की भाडेकरू पारखताना, भिशी चालवताना, बिल्डरशी घासाघीस करताना कामी आली? भांडवलाचं एका रूपातून दुसऱ्यात जाणं आणि काही भांडवल वाटेतच बाद होणं, हे बघायला बोर्द्यू शिकवतो. हक्कसोडीवर त्याची प्रतीकात्मक हिंसेची कल्पना आहेच: जिच्यावर अन्याय होतो तिलाही तो रीतीचाच भाग वाटतो.

पण जात आणि बाईपण एकत्र आलं की बोर्द्यू एकटा पुरत नाही. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची (दलित स्त्रीच्या जागेवरून समाजाकडे पाहण्याची) मांडणी केली ती जरूर वाचा. मात्र ती आगरी बायकांवर जशीच्या तशी चिकटवू नका. त्या मांडणीचा जन्म वेगळ्या इतिहासातून आहे. घ्यायचं ते तिचं विचारणं.

मैत्रिणीचा सल्ला सोडून द्या. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांची १९६७ ची ग्राउंडेड थिअरी मरणासन्न रुग्णांभोवतीच्या रुग्णालयांतल्या कामातून आली. ती काही फ्रेमवर्कची माफी नव्हे. मुलाखती घेता घेताच विश्लेषण करायचं आणि पुढची मुलाखत कुणाची हे त्यावरून ठरवायचं, हा तिचा कणा आहे. तुमच्या निम्म्या मुलाखती एकाच प्रश्नावलीवर होऊन गेल्यात. शिवाय ते दोघे पुढे वेगळे झाले, नंतर शार्माझ यांनी रचनावादी रूप दिलं, म्हणजे "कुठली ग्राउंडेड थिअरी?" हा प्रश्न येणारच आणि वर्ल्डव्ह्यू पुन्हा दारात.

तळ्याकाठी
सर, एक विचारू? मी रचनावादी लिहिलंय आणि माझ्याकडे दोन कोडरमधली (मुलाखतींतल्या उताऱ्यांना विषयवार खुणा करणाऱ्यांमधली) सहमती मोजून मागितलीय, कप्पा नावाचा आकडा. द्यायचा का?

निवृत्त_गाईड
अगं, इथेच परीक्षक पकडतात. वर्ल्डव्ह्यूचं पान कुणी फारसं वाचत नाही. पद्धतीच्या पानांवर तो उघडा पडतो. रचनावादी म्हणवून खाली "पूर्वग्रह टाळण्यासाठी", "प्रातिनिधिक नमुना", "निष्कर्षांची वस्तुनिष्ठता" लिहिलेलं असतं. केस स्टडी असेल तर तिच्या पद्धतीवर लिहिणाऱ्या यिन आणि स्टेक या दोघांचे हवाले एकाच वाक्यात, जणू ते एकाच घरातले. यिनचा कल कठोर रचनेकडे आणि पुराव्याच्या साखळीकडे, स्टेक अर्थ लावण्याकडे झुकलेला.

तू ब्रॉन आणि क्लार्क यांचं रिफ्लेक्सिव्ह थीमॅटिक अनॅलिसिस (संशोधकाने स्वतःची जागा धरून मुलाखतींतले विषय उलगडणं) वापरत असशील तर कप्पा देऊ नको. ही पद्धत त्याच्याशी जुळत नाही, सॅच्युरेशनशीही (नवं काही मिळेनासं झालं की थांबणं) जुळत नाही, असं त्यांनीच स्पष्ट लिहिलंय. तो हवाला समितीपुढे ठेव. तरीही कप्पा हवाच असं म्हणाले तर ठरलेल्या कोडबुकावर चालणारी पद्धत घे, तसं नाव दे आणि मोज. त्यातही कमीपणा नाही. फक्त दोन्ही दगडांवर पाय नको.

पामबीच
वाखुसा (वाचनखूण साठवली).
अवांतर: एम. एन. श्रीनिवास यांच्या रामपुऱ्याच्या टिपणांच्या प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला आगीत जळाल्या आणि त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं, ते १९७६ मध्ये आलं. आजच्या समितीने त्यांना "डेटा कुठाय?" विचारून घरी पाठवलं असतं. रेकॉर्डिंगांचा बॅकअप घ्या, बाकी चालू द्या.

खाडीपल्याड
सगळ्यांचे आभार. प्रश्नावली काढून वाचली. मिठागर म्हणतात ते खरं, दोघं पाठ करून बसलेत. अर्धे प्रश्न "तेव्हा तुम्हाला काय वाटलं" छापाचे, उरलेले "भाडं किती, खोल्या किती, कुणाच्या नावे" छापाचे. गंमत म्हणजे बायका खऱ्या बोलायला लागतात त्या दुसऱ्या प्रकारावर. "कुणाच्या नावे" विचारलं की पाणी पिऊन येतात आणि मग सांगतात.

नणंद-भावजय तुम्ही कल्पनेने लिहिल्यात, माझ्याकडे बहिणींचं एक घर आहे. थोरलीचं लग्न आधीच झालेलं, धाकटीचं खूप नंतर. हिंदू वारसा कायद्यातल्या १९९४ च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः वाटा दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अट राहिली नाही. थोरली म्हणते, "माझा हक्कच नव्हता, मी सोडलं काय आणि धरलं काय." धाकटीला हक्क होता आणि तिने सही केली. ती म्हणते, थोरलीला मिळालं नाही तर मी कशी घेऊ? आता हे नुसतं अर्थ लावणं म्हणून लिहिता येत नाही, कारण मधे कायदाच बदललाय. आणि नुसता कायदा म्हणूनही नाही, कारण धाकटीचं कारण कुठल्याच कायद्यात नाही. चिकित्सक वास्तववाद मला इथे कामाचा दिसतोय. बोर्द्यूपैकी भांडवलाचं रूपांतर तेवढं घेईन. हॅबिटस (अंगवळणी पडलेल्या सवयी-कलांची त्याची कल्पना) नको, ते सगळेच घेतात.

गावकीतला
मी ह्याच पट्ट्यातला. आजोबांची जमीन गेली, वडील १९८४ ला जासईला होते. धागा पहिल्यापासून वाचला. तुम्ही सगळे शिकलेले आहात, चर्चा चांगली चाललीय, पण दोन गोष्टी खटकल्या म्हणून लिहितो.

आमचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे गावं उभी राहिली तेव्हा ती लढाई सरकारशी होती. त्यातून साडेबारा टक्के मिळाले, कुणी दान दिले नाहीत. तुम्ही ती गोष्ट घरातल्या बहीण-भावाच्या भांडणावर आणून ठेवताय. उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, ह्यांनीच आपल्या बहिणींना लुबाडलं, ह्यांना कशाला काय द्यायचं.

दुसरं, आमच्याकडे अभ्यासवाले खूप येतात. चहा होतो, रेकॉर्डिंग होतं, फोटो होतो. मग प्रबंध इंग्रजीत होतो. आमच्या आईने तो कधी बघितलाय?

मिठागर
गावकीतला, दुसऱ्या मुद्द्यावर तुमच्या बाजूने एक साक्ष. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये लिहिलेला एक गाजलेला लेख याच दुखण्यावर आहे: काहींनी सिद्धान्त मांडायचे आणि इतरांनी अनुभव पुरवायचे, अशी वाटणी आपल्या समाजशास्त्रांत झालीय आणि तिला जातीचा आकार आहे. तक्त्यात ज्याला मूल्यमीमांसा म्हणतात आणि जिच्यावर विद्यार्थी तीन ओळी लिहितात, ती ही.

खाडीपल्याड
दादा, बरं झालं लिहिलंत.

पहिला आक्षेप मी पूर्ण मान्य करणार नाही. मोर्च्याला बायका होत्या, लाठ्या खाल्लेल्या माझ्या मुलाखतींत आहेत. त्यांतल्या बहुतेकींचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. त्या स्वतः या दोन गोष्टी एका दमात सांगतात, मी फक्त एक ठेवून दुसरी कशी गाळू? पण क्रम तुमचा घेईन. आधी संपादन आणि लढा, मग घर. घरातली वाटणी सरकारने ठरवलेल्या खातेदारीवर उभी राहिली, हे त्या प्रकरणातच यायला हवं. बहिणींचं स्वतंत्र प्रकरण करायचा विचार होता, तो सोडला.

दुसऱ्यावर: ज्या बायकांनी वेळ दिला त्यांच्यासमोर त्यांचा त्यांचा भाग मराठीत वाचून दाखवायचा. त्यांना काही काढायला सांगायचं असेल तर काढायचं.

आकडेमोड
काढायचं? म्हणजे गैरसोयीचा डेटा जाणार?

निवृत्त_गाईड
जाईल, कधीकधी. मुलाखत देणाऱ्याला परत दाखवण्याचा हेतू काय, हेही वर्ल्डव्ह्यूवरच ठरतं. कुणाला त्यातून अचूकता तपासायची असते, कुणाला अधिकार वाटून घ्यायचा असतो. धागाकर्तीचा दुसरा आहे. एखादीने काही काढायला लावलं तर मजकूर जाईल, पण "इथे काही काढलं आहे" एवढं लिहिता येतं, आणि ते संमतीपत्रात आधी सांगून ठेवा. आता परिच्छेद लिहा बघू एकदा, समितीला द्यायचा तो.

पामबीच
आणि ओळख लपवण्याचं काय? गावाचं नाव बदलाल, पण देवीची जत्रा आणि तलाव लिहिलात की ऐरोली ते बेलापूर प्रत्येकजण ओळखेल. बहिणी म्हटलं की घरही ओळखतील. इथे वर लिहिलंत तेसुद्धा...

खाडीपल्याड
इथे लिहिलेलं घर दोन घरांचं मिळून केलंय आणि आणखीही बदललंय, निश्चिंत असा. प्रबंधातही तसंच करणार, आणि केलंय हे सांगणार.

परिच्छेदाचा कच्चा खर्डा:

"हे संशोधन चिकित्सक वास्तववादी भूमिकेतून केले आहे. भूसंपादन, खातेदारीची नोंद आणि वारसा कायद्यातील बदल यांना स्त्रियांच्या कथनांपासून स्वतंत्र अस्तित्व आहे. त्यांची तपासणी कागदपत्रांवरून केली आहे. या घटनांचा स्त्रियांनी लावलेला अर्थ मुलाखतींतून, संशोधिकेच्या उपस्थितीत, घडलेला आहे आणि तो तसाच वाचला आहे. कागद आणि कथन यांत विसंगती आढळल्यास एकाने दुसरे खोडलेले नाही. ती विसंगती कशामुळे निर्माण होते याचा शोध पूर्वग्रहविरहित पद्धतीने घेतला आहे. भांडवलाच्या रूपांतराची बोर्द्यू यांची कल्पना केवळ जमीन-मोबदला-भाडे या प्रवासापुरती वापरली आहे."

निवृत्त_गाईड
"पूर्वग्रहविरहित" काढा. वरच्याच वाक्यात "संशोधिकेच्या उपस्थितीत" म्हणालात. त्याजागी तुम्ही कोण आणि त्या घरात कशा शिरलात ते लिहा, दोन वाक्यं पुरेत. "केवळ" छान आहे, तो ठेवा. समितीत कुणी बोर्द्यूचं बाकीचं मागितलं तर तोच उपयोगी पडेल. गाईडना मात्र आधी फोन करा.

आकडेमोड
"एकाने दुसरे खोडलेले नाही" यावर माझा आक्षेप कायम. पण निदान आता कळतंय तुम्ही काय करताय.

गावकीतला
वाचून दाखवायला येणार असाल तर मे महिन्यात नको. घरोघरी हळदी असतात, डीजेत काही ऐकू येणार नाही. पाऊस लागला की या, तेव्हा बायका घरी भेटतील. आणि भावांना आधी कळवू नका.

खाडीपल्याड
चालेल, जुलैत येते. तुमच्या आई बोलतील का?

गावकीतला
तिला विचारतो. तिच्या नावावर काय आहे ते मलाही माहीत नाही.